लोहचुंबक आणि आपल्याकडील काळा दगड

“लोहचुंबक धातूंना ओढतो” हे वाक्य शाळाभेटीत फळ्यावर वारंवार आढळते. ते चूक आहे. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम हेही धातूच. पण चुंबकाकडे ते ओढले जात नाहीत. ओढले जातात ते मुख्यतः लोखंड, निकेल, कोबाल्ट व त्यांचे काही मिश्रधातू. स्टीलचा एक डबा चिकटतो, दुसरा चिकटत नाही. कारण निकेल अधिक असलेल्या पोलादाची अंतर्रचना निराळी असते. मुलांकडून दोन्ही डबे आणवावेत.

अंबरनाथ पूर्वेस वालधुनीकाठचे इ. स. १०६० चे शिवमंदिर काळ्या बसाल्टचे आहे. या दगडात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे सूक्ष्म कण असतात. शाळेजवळच्या ओहोळातील वाळू वाळवून कागदावर पसरावी व खालून चुंबक फिरवावा. काळे कण उभे राहतात. चुंबकास वाळूचा प्रत्यक्ष स्पर्श होऊ देऊ नये, नाही तर कण झाडण्यातच तास संपतो! वालधुनीत मात्र मुलांना उतरवू नये. तिचे पाणी कारखान्यांच्या सांडपाण्याने दूषित झाले आहे.

अशा दगडाजवळ सूक्ष्म चुंबकीय मोजमापे बिघडतात. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले, तेव्हा कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय निरीक्षणाचे काम १९०४ साली अलिबागेस नेण्यात आले. तेथील इमारतीस जवळचा काळा दगड न वापरता पोरबंदरचा वालुकाश्म आणला गेला, आणि दारांच्या बिजागऱ्याही लोखंडाच्या बसविल्या नाहीत.