दुसरे इंजिन किती कामाचे?

नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधलेल्या तेजस मार्क-1ए या लढाऊ विमानाने 17 ऑक्टोबर 2025 रोजी पहिले उड्डाण केले आणि त्याच समारंभात एचटीटी-40 या प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. ही दोन्ही विमाने एका इंजिनाची आहेत, तर याच कारखान्यात वर्षानुवर्षे बांधले गेलेले सुखोई-30 एमकेआय दोन इंजिनांचे आहे. या तिन्ही विमानांत संकटकाळी वैमानिकाला आसनासह बाहेर फेकणारी यंत्रणा असते. एखादा फ्लाइंग क्लब किंवा उद्योजक विकत घेतो त्या चार-सहा आसनी हलक्या विमानात ती नसते, आणि म्हणूनच एक इंजिन घ्यावे की दोन, या प्रश्नाचा विचार तेथे अधिक काटेकोरपणे करावा लागतो.

दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, हा समज सर्वत्र आढळतो. गणित मात्र वेगळे आहे, कारण इंजिनांची संख्या दुप्पट झाली की त्यांपैकी कोणते तरी एक बिघडण्याची शक्यताही जवळजवळ दुप्पट होते. अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडण्याची तयारी करताना चार्ल्स लिंडबर्ग यांनी हाच युक्तिवाद मांडला होता. सप्टेंबर 1926 मध्ये हाच महासागर ओलांडू पाहणारे रेने फोंक यांचे तीन इंजिनांचे, अतिभाराने लादलेले सिकोर्स्की विमान न्यूयॉर्कजवळ जमीन सोडण्यापूर्वीच कोसळून जळाले व चारपैकी दोघे दगावले. एप्रिल 1927 मध्ये त्याच उड्डाणासाठी सज्ज होणारे आणखी एक तीन इंजिनांचे विमान चाचणीत पडून त्यातील दोघेही मृत्युमुखी पडले. त्यानंतर महिनाभरातच लिंडबर्ग एका इंजिनावर साडेतेहतीस तासांत पॅरिसला पोहोचले. जे. आर. डी. टाटा यांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, तेही पुस मॉथ या एका इंजिनाच्या विमानातून.

अर्थात, एक इंजिन बंद पडल्यावर दुसरे विमानाला तारून नेत असेल, तर दुप्पट बिघाडांची जोखीम पत्करणे शहाणपणाचेच ठरेल. ते खरोखर तारून नेते का, हे समजण्यासाठी घरखर्चाचे उदाहरण उपयोगी पडते. दोन कमावत्या माणसांच्या घरात प्रत्येकाची कमाई 100 रुपये आणि एकूण खर्च 80 रुपये असेल, तर शिल्लक 120 रुपये राहते. त्यांपैकी एकाची कमाई थांबली, की उत्पन्न निम्मे होते, परंतु शिल्लक 20 रुपयांवर, म्हणजे सहाव्या हिश्शावर येते. विमानाला समतल उडत राहण्यासाठी लागणारी शक्ती हा खर्च, आणि उरलेल्या शक्तीवर विमान वर चढते. म्हणूनच दोन इंजिनांच्या हलक्या विमानात एक इंजिन गेले की शक्ती निम्म्याने, पण चढण्याची क्षमता 80 टक्के किंवा त्याहून अधिक घटते.

येथे नाशिकचे हवामान हिशेबात येते. ओझरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,950 फूट उंचीवर आहे. मे महिन्याच्या दुपारी तापमान 40 अंशांवर गेले, की तेथील तापलेली हवा इतकी विरळ होते की प्रमाण वातावरणात तेवढी विरळ हवा सुमारे 5,400 फुटांवर आढळावी; या उंचीला ‘घनता-उंची’ म्हणतात आणि ती बरोबर कळसूबाईच्या माथ्याएवढी भरते. अशा हवेत साध्या पिस्टन इंजिनाची शक्ती 15 टक्क्यांच्या आसपास कमी होते, म्हणजे घरातील एकुलत्या कमावत्याची कमाई 100 वरून 85 वर येते, आणि बंद प्रोपेलरच्या अडथळ्यामुळे खर्च 80 च्या वर गेलेला असतो. जगभर प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे दोन इंजिनांचे पायपर सेमिनोल पूर्ण भारासह एका इंजिनावर 4 हजार फुटांच्या आसपासच्या घनता-उंचीपर्यंतच नीट चढू शकते, हे लक्षात घेतले तर ओझरच्या मे महिन्यात दुसऱ्या इंजिनाचा भरवसा किती धरावा, हे स्पष्ट होते.

दुसरा धोका दिशेचा आहे. बैलगाडीचा एक बैल बसला आणि दुसरा ओढतच राहिला, तर गाडी बसलेल्या बैलाच्या बाजूला वळते. तसेच विमानही बंद इंजिनाकडे वळू पाहते. ते सरळ ठेवण्याचे काम शेपटीवरील सुकाणूचे असते, परंतु त्यावरून वाहणाऱ्या हवेचा वेग एका मर्यादेखाली गेला की सुकाणू अपुरे पडते आणि विमान उलटू शकते. या मर्यादेला ‘किमान नियंत्रण वेग’ म्हणतात, आणि उड्डाणानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत विमान तिच्या जवळच असते.

एका इंजिनाच्या विमानात हा पेच उद्भवत नाही. इंजिन थांबले की विमान सरळ तरंगत खाली येते. सेसना 172 हे विमान 1 हजार फुटांवरून साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जाऊ शकते. जमिनीवर आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून अशी विमाने 61 नॉट, म्हणजे ताशी 113 किलोमीटर इतक्या कमी वेगालाही उचल टिकवून धरतील, अशी अट अमेरिकी नियमांनी दीर्घकाळ घातली होती. तरीही खाली काय आहे, याला महत्त्व उरतेच. निफाड, दिंडोरी परिसरातील द्राक्षबागांचे लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा उतरणाऱ्या विमानाला घातक ठरतात, आणि इगतपुरीच्या पलीकडे सह्याद्रीच्या कड्यांत सपाट जागा सापडणे कठीण असते.

या साऱ्याचा निष्कर्ष असा, की दिवसा, स्वच्छ हवेत आणि मोकळ्या मैदानावरून उडणाऱ्याने, तसेच प्राथमिक प्रशिक्षणासाठी, एका इंजिनाचे विमान घ्यावे. त्यात इंधन व देखभालीचा खर्चही निम्म्याच्या आसपास राहतो. रात्री, पावसाळी ढगांतून किंवा घाटावरून नियमित प्रवास करणाऱ्याला दोन इंजिने उपयोगी पडतात, मात्र वैमानिकाने एका इंजिनावर उडण्याचा सराव सतत चालू ठेवला पाहिजे. खरेदीपूर्वी विमानाच्या पुस्तिकेतील एका इंजिनावरील चढाईचा तक्ता उघडून पूर्ण भार, 40 अंश तापमान आणि ओझरची उंची यांच्यासमोरचा आकडा वाचावा. तो शून्याच्या खाली असेल, तर अशा दुपारी भार कमी करावा किंवा उड्डाण पहाटेवर ढकलावे.