हिरव्या नंबर प्लेटची गाडी लोक का घेतात?

जालना रोडवर सिग्नलला थांबलात की हिरव्या नंबर प्लेटच्या गाड्या मोजून बघा. हिरवी प्लेट म्हणजे इलेक्ट्रिक. या सगळ्यांनी गाडी पर्यावरणासाठी घेतली का? मला तरी तसं वाटत नाही.

आपल्याच शहराचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज घेतल्या, जवळपास ६५ कोटींच्या. पर्यावरणाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. आपलं शहर कमी नाही, हे दाखवायचं होतं. शिवाय घाऊक खरेदीत भाव करता येतो. ११ वर्षांनी 'औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी'ने हाच मार्ग धरला: सुमारे २५० इलेक्ट्रिक कार एकत्र घ्यायच्या.

एकत्रच का? कारण नवीन टेक्नॉलॉजीत खरी अडचण भीतीची असते. चार्जिंग कुठे करायचं, बॅटरी किती टिकेल, विकताना किती येतील? एकट्याने घेतली तर हे प्रश्न एकट्याचे. ओळखीतल्या दहा जणांनी घेतली की विचारायला माणसं असतात. आणि हिरवी प्लेट सगळ्यांना दिसते, हेही आहेच! घरातला एलईडी बल्ब कोण बघायला येतो?

पण पैशाचं गणित बसलं नाही तर हे सगळं लटकतं. जून २०२३ पासून केंद्राने फेम-२ योजनेत ई-दुचाकींचं अनुदान बॅटरीच्या प्रति किलोवॅट-तास १५ हजारांवरून १० हजारांवर आणलं. मे महिन्यात देशात एक लाखाहून जास्त ई-दुचाकींची नोंदणी झाली होती, जूनमध्ये ती ५० हजारांच्या आत आली. (काहींनी घाई करून मेमध्येच उरकलं, हे धरूनसुद्धा.) महिन्याभरात प्रदूषण काही कमी झालं नव्हतं.

तुम्ही स्कूटर बघत असाल तर मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा. पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज ४५ धरलं तर किलोमीटरला साधारण सव्वादोन रुपये. ई-स्कूटर एका युनिटमध्ये ३० किलोमीटर गेली आणि युनिट १० रुपयांना पडलं, तर ३३ पैसे. म्हणजे किलोमीटरमागे जवळपास दोन रुपये वाचतात. वाळूजला रोज जाऊन-येऊन ३० किलोमीटर होत असतील तर महिन्याचे २५ दिवस धरून वर्षाला १८ हजार. ई-स्कूटर ३० हजारांनी महाग असली तरी वीस महिन्यांत वसूल. कॉलेजला जाऊन-येऊन फक्त ५ किलोमीटर असेल, तर त्यालाच दहा वर्षं लागतील.

आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर बुकिंगच्या आधी सोसायटीला विचारा, पार्किंगमध्ये प्लग पॉइंट देणार का.