अंगणातील पाखरे आणि शिक्रा

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि मध्ये पूर्णेचे खोरे, अशी बुलढाणा जिल्ह्याची ठेवण आहे. घाटावर असो वा घाटाखाली, वळचणीला ज्वारीचे कणीस टांगावे व अंगणात पाण्याचा परळ भरून ठेवावा, ही रीत येथे जुनीच. कणसावर चिमण्या येतात, सांडलेल्या दाण्यांवर होले उतरतात, सातभाईंचा थवा पाचोळा उलथीत हिंडतो. बुलबुलाला दाण्याचे सोयरसुतक नसते. तो येतो पाण्यासाठी.

मग एकाएकी सारे चिडीचूप होते. निंबाच्या दाट पानांत शिक्रा येऊन बसलेला असतो.

शिक्रा जेमतेम पारव्याएवढा. पाठ राखी, छातीवर बारीक तांबूस पट्टे. नराचे डोळे लालबुंद, मादी आकाराने मोठी. दीर्घ पाठलाग हा त्याचा स्वभाव नव्हे. आडोशाला दबा धरून तो अचानक झडप घालतो. तो उडत येताना दिसला, तर लहान पक्षी बारीक, तीव्र स्वर काढून दडतात. तो स्वर कोठून आला हे शत्रूला सहजी उमगत नाही. परंतु तोच बसलेला आढळला, की सातभाई व बुलबुल त्याच्याभोवती जमून कलकलाट करतात. त्याचा डाव उघडा पडतो आणि बहुधा तो निघून जातो. कोतवाल तर त्याच्या अंगावरच धावून जातो. ते नाव त्याला उगीच मिळालेले नाही.

या भयाचा लाभ उठविणारा पक्षीही आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. ‘पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्याला साद घालणारा पावशा रूपाने व उडण्याच्या ढबीने हुबेहूब शिक्रा भासतो आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो.

शिक्रा दिसताच गोफणीला हात घालणाऱ्यांनी थोडा विचार करावा. सरडे, उंदीर व मोठे कीटक हेही त्याचे भक्ष्य असून, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यास संरक्षण आहे. चिमणी वर्षातून एकाहून अधिक वेळा, दर खेपेस साधारणतः तीन ते पाच अंडी घालते; शिकाऱ्याचा वाटा त्यातून सहज भरून निघतो. भरून निघत नाही ती जागेची हानी. कौलारू छपरे गेली, स्लॅब आले आणि वळचणी व भिंतींतील पोकळ्या नाहीशा झाल्या. शिवाय चिमणीच्या पिलांना आरंभी अळ्या व किडेच भरवावे लागतात. जेथे कीटकनाशकांचा मारा होतो, तेथे तेही दुर्मिळ होतात.

परळ दोन बोटे खोल असावा, तो रोज घासून भरावा. चार-पाच पावलांवर बोरीसारखे काटेरी झुडूप असल्यास पाखरांना आसरा मिळतो. ते परळाला अगदी लागून मात्र नसावे. तेथे शिक्रा नव्हे, घरचीच मांजर टपून बसलेली असते.