अनुभवाची सनद

मानसिक व्याधीने ग्रासलेल्या माणसाचे स्वतःच्या व्याधीविषयीचे म्हणणे ग्राह्य धरावयाचे नाही, हा रिवाज आपल्याकडे इतका जुना व इतका सर्वमान्य आहे की, त्याच्या मुळाशी काही विचार आहे की केवळ सवय, हे तपासून पाहण्याची गरजही फारशी कोणास भासलेली नाही. १९१२ च्या वेडेपणाच्या कायद्यान्वये एखाद्याची वेड्यांच्या इस्पितळात रवानगी करावयाची तर नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम एवढी सामग्री लागे. ज्याच्यासाठी हे कागद रंगत, त्याची तपासणी होई, चौकशी होई. परंतु त्याने जे भोगले ते एक प्रकारचे ज्ञान आहे व पुढे दुसऱ्याच्या कामी येण्याजोगे आहे, ही कल्पना त्या दफ्तराला शिवलेली नव्हती. हे ज्ञान ओळखून त्याला संस्थेचे रूप देणाऱ्या स्वमदत गटांचा परिचय करून देणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

हा परिचय मोडनिंबकरांना करून देण्याचे विशेष प्रयोजन आहे. माढा तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव पुणे-सोलापूर हमरस्त्यावर, टेंभुर्णी आणि मोहोळ यांच्या दरम्यान वसलेले असून, कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणारा लोहमार्गही येथूनच जातो. अशा गावात तरण्याताठ्या मुलाची झोप उडाली, तो एकटाच पुटपुटू लागला, घरच्यांनी आपल्या ताटात काही कालवले आहे असा संशय घेऊ लागला, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या मुखी प्रथम 'बाहेरचं काही असेल' हेच शब्द येतात. मग देवऋषी होतो, अंगारा होतो, गाणगापूरची वारी होते. भूत उतरविण्याच्या मिषाने माणसाला दोरखंडाने वा साखळीने बांधणे व मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविला आहे. तथापि कायदा गावात पोहोचण्याआधी साखळी पोहोचते, हा अनुभव जुना आहे. हे उपाय थकल्यावर सोलापूरचे सरकारी रुग्णालय किंवा एखादा खाजगी मनोविकारतज्ज्ञ गाठला जातो. सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालये राज्यात चार ठिकाणी आहेत, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. म्हणजे मोडनिंबच्या कुटुंबाला त्यांपैकी जवळचे म्हणावयाचे ते येरवड्याचेच.

औषधाने बहुधा गुण येतो. भास ओसरतात, झोप लागते आणि मुलगा घरी परततो. परंतु खरी अवघड वाट येथून पुढे सुरू होते. बरे वाटू लागल्यावर गोळ्या चालू ठेवावयाच्या की सोडावयाच्या, अंगात आलेले जडत्व आळस समजावयाचे की औषधाचा परिणाम, सोयरिकीच्या वेळी आजार सांगावयाचा की झाकावयाचा, चावडीवर कोणी 'येडं' म्हणून हाक मारली तर उलट बोलावयाचे की मान खाली घालावयाची, या प्रश्नांची उत्तरे वैद्यकाच्या ग्रंथांत थोडी आणि ही वाट चालून गेलेल्या माणसांपाशी पुष्कळ असतात.

अशा माणसांनी एकत्र येण्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. इंग्लंडचा पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल याचा १८१२ मध्ये खून झाला. त्याचा पुत्र जॉन पुढे वेडाच्या भरात वेड्यांच्या खाजगी इस्पितळात कोंडला गेला, बरा होऊन बाहेर पडला, आणि आपल्यावर झालेल्या जुलमाचे वर्णन प्रसिद्ध करून थांबला नाही, तर १८४५ मध्ये स्वतःसारख्यांच्या कैवारार्थ त्याने काही सहकाऱ्यांसह एक मंडळीच स्थापन केली. अमेरिकेत क्लिफर्ड बिअर्स या गृहस्थाने आपल्या इस्पितळवासाची हकीकत १९०८ मध्ये पुस्तकरूपाने छापली आणि तीतून मानसिक आरोग्याची चळवळच उभी राहिली. १९३५ मध्ये अ‍ॅक्रन या गावी एक शेअरदलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही मद्यासक्त, परस्परांशी बोलता बोलता सावरले, आणि 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या जगभर पसरलेल्या मंडळीचा पाया पडला.

महाराष्ट्रात या विचाराला भक्कम घर मिळाले ते पुण्यास, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. गर्द या मादक द्रव्याने १९८० नंतरच्या दशकात शहरांतील तरुणांना विळखा घातला असता अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. आणि त्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झाले. व्यसन हा मनोविकारापासून निराळा विषय आहे असे कोणी म्हणेल. परंतु मद्य व मादक द्रव्ये यांच्या सेवनाशी निगडित विकारांचा अंतर्भाव मानसिक आजाराच्या व्याख्येत खुद्द २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने केला आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने मुक्तांगणाचे महत्त्व तर त्याहून वेगळ्या कारणाने आहे.

ते कारण असे की, येथे उपचार घेऊन व्यसनातून सुटलेल्यांपैकीच अनेक जण पुढे येथील समुपदेशक व कार्यकर्ते झाले. पस्तीस दिवसांच्या निवासी उपचारात नवा आलेला रुग्ण, ज्याला येथे 'रुग्णमित्र' म्हणतात, तो जेव्हा 'माझी गोष्ट वेगळी आहे' असे छातीठोकपणे सांगतो, तेव्हा समोर बसलेला समुपदेशक पदवीच्या बळावर त्याचे खंडन करीत नाही. तो आपलीच हकीकत सांगतो, बायकोचे मंगळसूत्र कसे विकले, आईच्या औषधाचे पैसे कोठे गेले, आणि ऐकणाऱ्याला आपली लबाडी येथे चालणार नाही हे कळून चुकते. हे उलटतपासणीचे सामर्थ्य तज्ज्ञापाशी असणे कठीण. तो फसवला जाऊ शकतो, सहप्रवासी सहसा जात नाही. व्यसन सुटल्याच्या तारखेचा वाढदिवस साजरा करणे, 'फक्त आजचा दिवस' एवढाच निश्चय करणे, घसरलेल्याला पुन्हा आत घेणे, व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट चालविणे, या सर्व प्रथा याच विचारातून रूढ झाल्या. १९९७ मध्ये डॉ. अनिता अवचट निवर्तल्या. संस्थेचा कारभार पुढे त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी सांभाळला.

त्याच १९९७ साली पुण्यात दुसरी संस्था जन्मास आली. मूळचे धुळ्याचे, कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीस छिन्नमानसिकता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा विकार होता. आपल्या घरातील हे दुःख न लपविता त्यांनी 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापिली. पुढे धायरी येथे संस्थेचे दिवसभराचे पुनर्वसन केंद्र उभे राहिले आणि रुग्ण व कुटुंबीय यांचे स्वमदत गट सुरू झाले. या वर्तुळात रुग्णाला 'शुभार्थी' व त्याची काळजी वाहणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा, अतुल कुलकर्णी यांची प्रमुख भूमिका असलेला 'देवराई' (२००४) हा चित्रपटही डॉ. वाणी यांच्याच पुढाकाराने निघाला, आणि त्यामुळे हा आजार मराठी घरांतून उघडपणे चर्चिला गेला.

अशा गटाची शिस्त वरकरणी साधी, पण अनुभवांती पक्की झालेली असते. सगळे वर्तुळात बसतात. येथले बोलणे बाहेर न्यावयाचे नाही. दुसऱ्याच्या औषधाचा डोस आपण बदलावयाचा नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. उपदेश करावयाचा नाही, आपले काय झाले तेवढे सांगावयाचे. एखादी आई सांगते की, मुलगा रात्रभर आवाजांशी बोलत असे तेव्हा ती त्याच्याशी वाद घालीत बसे, आणि पुढे वाद सोडून शेजारी बसू लागल्यावर घर शांत झाले; हे ऐकणाऱ्या दुसऱ्या आईला त्या रात्रीपुरता एक मार्ग सापडतो.

तिसरी संस्था या दोहोंहून प्रखर. भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये पुण्यात 'बापू ट्रस्ट' स्थापन केला. मनोरुग्णालयांत दिवस कंठलेल्या आपल्या मातेच्या नावाने. पुण्यातील वस्त्यांमधून त्यांनी 'सेहेर' हा उपक्रम चालविला. परंतु त्यांचे मुख्य काम हक्कांच्या वकिलीचे होते. संयुक्त राष्ट्रांच्या विकलांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारावर भारताने २००७ मध्ये संमतीची मोहोर उठविली. त्या कराराच्या आधारे, माणसाच्या मर्जीविरुद्ध त्याला कोंडून उपचार करण्याचा अधिकार कोणालाच असू नये, असा त्यांचा आग्रह होता. येथे या चळवळीतील खरा पेच उघड होतो. ज्याच्या घरी चार रात्री कोणी झोपलेले नाही, त्या शुभंकराला इस्पितळाचे दार सक्तीनेही उघडावे असे वाटते. जो त्या दारामागे राहून आला, त्याला ते दारच नको असते. दोघेही अनुभवानेच बोलतात, आणि दोघांचेही अनुभव सच्चे असतात. २०२४ मध्ये दावर यांचे निधन झाले; पेच कायम आहे, आणि तो दडपून टाकण्यापेक्षा दोघांनी एका खोलीत बसून मांडावा, यातच गटांची सार्थकता आहे.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या घडणीत पुण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे यांचा मोठा वाटा होता. आपण आजारी पडल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार त्याने नागरिकाला दिला. त्याहून अर्थपूर्ण तरतूद पुनर्विलोकन मंडळाची आहे: जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी आणि डॉक्टर यांच्यासोबत तेथे दोन जागा मानसिक आजार असलेल्या व्यक्ती, त्यांचे शुभंकर किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्था यांच्यासाठी राखल्या आहेत. १९१२ च्या दफ्तराने ज्याचा अनुभव मोजला नाही, त्याला आता निवाडा करणाऱ्यांच्या रांगेत खुर्ची आहे.

या मार्गाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बरा झालेला प्रत्येक जण चांगला समुपदेशक होतोच असे नाही. कोणी आपलीच वाट सर्वांवर लादतो, कोणी दुसऱ्याच्या दुःखाने पुन्हा खचतो. त्याला प्रशिक्षण हवे, वर देखरेख हवी, आणि श्रमाचा रास्त मोबदलाही हवा. 'तुम्ही भोगले आहे, तेव्हा सेवा म्हणून करा' असे म्हणून फुकट राबविणे हा नव्या स्वरूपाचा अन्यायच होय. तीव्र अवस्थेत गट डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही, हेही निर्विवाद.

मोडनिंबसारख्या गावी गट उभा राहण्यास भांडवल फार लागत नाही: शाळेची एक खोली, आठवडे बाजाराचा ठरावीक दिवस, म्हणजे आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्याला घरी वेगळे कारण सांगावे लागत नाही, आणि अडल्यावेळी फोन उचलील असा सोलापूरचा एखादा डॉक्टर. दुर्मीळ असतो तो पहिला बोलणारा. ज्या गावात सोयरीक, उधारी आणि निवडणूक सारेच ओळखीवर चालते, तेथे 'मी गोळ्या घेतो' हे वाक्य उच्चारणाऱ्याला काय मोजावे लागते, हे पुण्यातल्या अनोळखी गर्दीत कळणार नाही. म्हणून गावाने त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा करण्यापूर्वी त्याच्या धैर्याची किंमत कमी करावी: ग्रामपंचायतीने खोली द्यावी, मुख्याध्यापकांनी पहिल्या बैठकीस स्वतः हजर राहावे, आणि गटात जाणाऱ्याच्या हातचे काम काढून घेतले जाणार नाही एवढे त्याच्या मालकाने पाळावे. कायद्याने खुर्ची ठेवली आहे. तीवर बसणारा माणूस माढा तालुक्यातूनही जावा असे वाटत असेल, तर त्याची तालीम याच खोलीत व्हावी लागेल.