पाय चालले की डोकं चालतं

सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलवर काय चालतं? जागरण, चहा आणि गरमागरम शेगाव कचोरी! चालत नाहीत ते फक्त आपले पाय.

मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या आठवणी तयार करतो. उतारवयात तो दरवर्षी एक-दोन टक्क्यांनी आक्रसतो. २०११ साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५५ ते ८० वयाच्या १२० जणांपैकी निम्मे आठवड्यातून ३ दिवस, ४० मिनिटं चालले. बाकीच्यांनी फक्त अंग ताणण्याचे व्यायाम केले. वर्षभरानं चालणाऱ्यांचा हा भाग सुमारे २ टक्के वाढला, इतरांचा १.४ टक्के घटला! मोठेपणी मेंदूत नव्या पेशी बनतात का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण चालण्याचा फायदा त्यासाठी थांबत नाही.

आहाराचं म्हणाल तर ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि ओमेगा-३ असलेली जवसाची चटणी आपल्याकडे घरोघरी आहेच. कचोरी कधीमधी!

शेगावहून पंढरपूरला महिनाभर पायी जाणाऱ्या वारीत साठी ओलांडलेले कितीतरी दिसतात. आज घरी फोन कराल तेव्हा आई-बाबांना विचारा, "आज चाललात का?" तेही उलट विचारतील. उत्तर तयार ठेवा!