घरांतील अदृश्य वायु आणि त्याचा पहारेकरी

रोह्यालगत धाटाव येथें रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. वाऱ्यावर एखादा उग्र दर्प आला, कीं माणूस सावध होतो व खिडकी लावून घेतो. परंतु ज्या वायूस वास नाहीं, रंग नाहीं, चव नाहीं, आणि जो कारखान्यांतून नव्हे तर घरच्याच न्हाणीघरांतून निघतो, त्याच्यापुढें नाकाचा पहारा व्यर्थ होय. किंबहुना खिडकी लावून घेणें हेंच त्या प्रसंगीं घातक ठरतें. या वायूचें नांव कार्बन मोनॉक्साइड.

जळणास पुरेशी हवा मिळाली नाहीं, कीं हा वायु उत्पन्न होतो. मग तें जळण कोळसा असो, लांकूड असो, पेट्रोल असो, वा निर्धूर म्हणून निर्धास्तपणें वापरला जाणारा स्वयंपाकाचा गॅस असो. रक्तांतील हिमोग्लोबिनशीं याचें सख्य प्राणवायूपेक्षां सुमारें २०० ते २५० पटींनीं अधिक. प्राणवायूची जागा हा बळकावून बसतो, ही गोष्ट फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यानें १८५७ सालीं विशद केली. लक्षणें मोठीं फसवीं असतात. डोकें दुखतें, मळमळतें, चक्कर येते. घरांतील वडील मंडळी याला पित्तच म्हणणार, आणि आल्याचा रस देऊन निजावयास सांगणार! त्या झोपेंतून माणूस उठेलच असा भरंवसा नाहीं. घरांतील साऱ्यांचेंच डोकें एकदम दुखूं लागलें व बाहेर पडतांच उतरलें, तर तें पित्त नव्हे हें ओळखावें. मार्च २०२३ मध्यें होळीच्या दिवसांत घाटकोपर येथें एक दांपत्य आपल्या न्हाणीघरांत मृत आढळलें, तेव्हां संशय गॅस गीझरवरच आला होता.

पेणेस या प्रश्नाचें रूप किंचित् निराळें आहे. तेथें व लगतच्या हमरापूर-जोहे भागांत गणेशमूर्तींचे कारखाने पुष्कळदां राहत्या घरास लागूनच असतात, आणि कामाची घाई नेमकी भर पावसाळ्यांत येते. ओल हटावी म्हणून बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवण्याचा मोह अशा वेळीं होणें साहजिक आहे. निखारे लाल झाले, धूर थांबला, म्हणजे धोका टळला ही समजूत मात्र साफ चुकीची. धूर नसलेल्या निखाऱ्यांतूनही हा वायु निघतच असतो. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावर आदळलें, त्यानंतर अनेक गांवांत वीज कित्येक दिवस नव्हती. अशा काळांत जनरेटर पडवींत लावणें हेंही तितकेंच धोक्याचें. त्याची जागा घरापासून दूर, उघड्यावर.

सूचक-यंत्राचा विचार या खबरदारीनंतर. गीझर न्हाणीघराबाहेर व धुराडें थेट मोकळ्या हवेंत, ही व्यवस्था आधीं हवी. यंत्र घेतांना बहुतेकांची पहिली चूक होते ती नांवांत. दुकानांत ‘गॅस-सूचक’ म्हणून मिळणारी वस्तु पुष्कळदां सिलिंडरची गळती ओळखणारी असते. तिला कार्बन मोनॉक्साइडचा पत्ताही लागत नाहीं. धुराचें सूचक-यंत्र हें तिसरेंच. म्हणून वेष्टनावर वायूचें पूर्ण नांव पाहावें, आणि युरोपचें ‘ई. एन. ५०२९१’ किंवा अमेरिकेचें ‘यू. एल. २०३४’ यांपैकीं एक प्रमाण आहे कीं नाहीं हें तपासावें. यांतील युरोपीय प्रमाणाप्रमाणें हवेच्या दहा लक्ष भागांत ५० भाग वायु असेल तर यंत्र ६० ते ९० मिनिटांत वाजतें, १०० भागांस १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० भागांस ३ मिनिटांच्या आंत. हा विलंब दोष नव्हे. विषबाधा प्रमाण व काळ या दोहोंवर अवलंबून असते, तोच हिशेब यंत्र करीत असतें.

गळतीचा गॅस हवेहून जड, म्हणून त्याचें यंत्र जमिनीलगत लावतात. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ हवेइतकाच हलका-जड असल्यामुळें निजण्याच्या खोलींत याचें यंत्र उशाच्या उंचीवर चालतें. शेगडी वा गीझर असलेल्या खोलींत तें त्यापासून १ ते ३ मीटरांवर असावें. पडद्यामागें, खिडकीच्या झोतांत किंवा न्हाणीघराच्या वाफेंत मात्र नको. कोंकणांत आणखी एक व्यवधान राखावें लागतें तें इन्व्हर्टरचें. त्याची बॅटरी भरतांना हायड्रोजन सुटतो, व पुष्कळ यंत्रें त्यालाच कार्बन मोनॉक्साइड समजून ओरडतात. मूर्तींचे रंग, व्हार्निश व फवारे यांच्या वाफांनींही तीच गत होते.

निगा सोपी, पण नियमित हवी. धूळ कोरड्या फडक्यानें टिपावी, साबण वा फवारा लावूं नये. चांचणीची कळ महिन्यास एकदां दाबावी. तथापि तिनें घंटा व मंडल ठीक आहेत एवढेंच कळतें, आंतील संवेदक जिवंत आहे कीं नाहीं तें कळत नाहीं. त्या संवेदकाचें आयुष्य बहुधा ५ ते १० वर्षें. मागील बाजूस छापलेली मुदत संपली, कीं यंत्र कितीही खणखणीत वाजत असलें तरी बदलावें. मधूनमधून येणारी एकटी चिवचिव ही बहुधा बॅटरी संपत आल्याची खूण असते. ती ऐकूं येऊं नये म्हणून बॅटरीच काढून ठेवणारे बहाद्दरही आहेतच.

खरी घंटा वाजली तर सर्वांनीं प्रथम बाहेर पडावें, व १०८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. जातांना सहज हाताशीं असेल तर दार-खिडकी उघडावी व जळण बंद करावें. त्यासाठीं आंत थांबूं नये. २०२० च्या साथीपासून घरोघरीं आलेल्या, बोटास लावण्याच्या प्राणवायुमापकावर येथें विश्वासूं नये. कार्बन मोनॉक्साइडनें भरलेलें रक्तही त्यास प्राणवायुयुक्तच भासतें, आणि आंकडा ९८ दाखवीत असतां रोगी मरणाच्या दारीं असूं शकतो. दवाखान्यांत गीझर, शेगडी वा जनरेटर चालू होता हें आपण होऊन सांगावें, म्हणजे डॉक्टर त्या दृष्टीनें रक्ताची तपासणी करवितील. साध्या हवेंत हा वायु रक्तांत निम्मा होण्यास ४ ते ५ तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिल्यास सुमारें दीड तास.