पाहुणे, वाइनरी आणि आपले गैरसमज

नाशिकला घर असलं की डिसेंबर लागताच फोन सुरू होतात. पुण्याचा चुलतभाऊ, बडोद्याची आत्या, न्यू जर्सीहून सुट्टीवर आलेली मावसबहीण. सगळ्यांचं मागणं एकच, "या वेळी वाइनरी दाखव." अशा बऱ्याच फेऱ्या मी आजवर केल्या. काही मनासारख्या झाल्या, काही साफ फसल्या. ज्या फसल्या त्या समजुतीच्या घोटाळ्यांमुळे, आणि त्या समजुती पाहुण्यांच्या होत्या तेवढ्याच आम्हा नाशिककरांच्याही होत्या. आम्ही नाव ऐकून वाइनरी ठरवायचो. खरं तर ती ठरवावी महिना बघून आणि गाडीत कोण कोण बसणार आहे ते बघून.

"वाइनरी म्हणजे शेवटी बारच. आईबाबांना तिथे कसं न्यायचं?"

हा गैरसमज सगळ्यात जुना. वाइनरी म्हणजे आधी मळा, मग कारखाना, आणि सगळ्यात शेवटी चाखायची जागा. फेरीत आधी द्राक्षं उतरवून घेतात ती जागा दाखवतात, मग देठ वेगळे करून मणी फोडणारं यंत्र, रस काढणारा प्रेस, स्टीलच्या उंच टाक्या आणि ओकच्या लाकडाची पिंपं. चाखणं त्यानंतर येतं आणि त्याची कुणावर सक्ती नसते. फेरी करून तसंच जेवायला बसणारी कितीतरी कुटुंबं दिसतात.

यातच दुसरा एक समज मिसळलेला असतो, की वाइन दारूसारखी भट्टी लावून काढतात. व्हिस्की किंवा ब्रँडी करताना आंबवलेला द्रव तापवून त्याची वाफ धरतात आणि ती पुन्हा थंड करतात. वाइनमध्ये यातलं काहीच नाही. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं, तिचं अल्कोहोल होतं आणि साधारण 11 ते 14 टक्क्यांवर ते थांबतं. याचा अर्थ वाइन म्हणजे सरबत नव्हे. पण भट्टीही नव्हे.

आमची आत्या माळकरी, वय चौऱ्याहत्तर. तिला नेताना मला धाकधूक होती. माहेरची शेती बघितलेली असल्यामुळे तिनेच त्या दिवशी सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. पाणी किती दिवसांनी देता, भुरी पडली की काय फवारता, एका वेलीला घड किती ठेवता. माहिती सांगणारा मुलगा वाइनची नावं सांगायचं सोडून तिच्याशी शेतीवरच बोलत बसला.

"द्राक्षं काय, कधीही गेलं तरी वेलीला लटकलेलीच असतात."

सगळ्यात जास्त फेऱ्या इथे फसतात. मेच्या सुट्टीत पोरंबाळं घेऊन लोक येतात, मोबाइल सरसावून बागेत शिरतात आणि विचारतात, "द्राक्षं कुठायत?"

युरोपात हिवाळ्यात वेल झोपते. आपल्याकडे तेवढी थंडी नसल्यामुळे ती झोपतच नाही, म्हणून इथला शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो आणि पीक एकदाच घेतो. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी होते. बागेत नुसती खोडं आणि ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या, उरतात, बाग जणू सोडून दिल्यासारखी दिसते. मे सरता सरता पालवी दाटते, पावसाळ्यात सगळं हिरवंगार होतं, पण घड एकही नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते आणि त्यानंतर फुटलेल्या काड्यांवर घड धरतो. दिवाळीला येणाऱ्याला बाजरीच्या दाण्याएवढे मणी दिसतात, नाताळात हिरवे कडक घड. जानेवारीत मण्यात पाणी उतरायला लागतं, म्हणजे कडक मणी मऊ पडतो आणि काळ्या जातींना रंग चढतो. तोडणी जानेवारीत सुरू होऊन मार्चपर्यंत चालते.

न्यू जर्सीच्या बहिणीला हे पटेना. तिने कॅलिफोर्नियात सप्टेंबरची तोडणी बघितली होती. आपल्याकडे सप्टेंबर पावसाचा, आणि पिकलेल्या घडावर पाऊस पडला की मणी तडकतात, कुजतात. म्हणून आपलं पीक थंडीतल्या कोरड्या महिन्यांवर बेतलेलं आहे.

आणखी एक समज फेब्रुवारीत बागेत उभं राहिल्याशिवाय जात नाही : आपण खातो त्याच द्राक्षांची वाइन होते. टोपलीतली द्राक्षं म्हणजे थॉमसन, सोनाका किंवा शरद सीडलेस, लांबट, पातळ सालीची, बिनबियांची. वाइनच्या जाती वेगळ्या : शेनिन ब्लाँ, सोविन्यों ब्लाँ, शिराज, कॅबर्ने सोविन्यों. त्यांची वेलही बहुतेक ठिकाणी मांडवावर नसते, उभ्या तारांवर कुंपणासारखी चढवलेली असते. आत्याच्या तळहातावर त्या मुलाने शिराजचे चार मणी ठेवले. जांभळाहून बरेच लहान, काळपट निळे, वर पांढरट लव धरलेले. तिने एक तोंडात टाकला. साल जाड, चावता चावेना. आत गर थोडासाच आणि दोन बिया. रस मात्र इतका गोड की तिने डोळे मिटले. खायच्या द्राक्षात साखर साधारण 18 ब्रिक्सच्या, म्हणजे 18 टक्क्यांच्या आसपास असते, वाइनचं द्राक्ष 22 ते 24 ब्रिक्सला तोडतात. आत्याने मणी दाबून बघितला तर रस पांढराच निघाला, बोटं मात्र जांभळी झाली. लाल वाइनचा रंग सालीतून येतो, हे तिला कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही.

"पायांनी तुडवून करतात ना?"

फेब्रुवारी-मार्चमध्ये काही ठिकाणी पर्यटकांसाठी द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम असतो. मुलांना मजा येते, जरूर न्या. पण बाटलीत जाते ती वाइन यंत्रांनी रस काढून, थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्यांत होते. लाकडी पिंपात सगळी वाइन मुरत नाही. बऱ्याच पांढऱ्या वाइनला लाकूड लागतच नाही.

त्यावरूनच आठवलं, जुनी तेवढी चांगली हेही सरसकट खरं नाही. पाहुणे हौसेने बाटली नेतात आणि "पंचविसाव्या लग्नवाढदिवसाला फोडू" म्हणून कपाटावर ठेवून देतात. नाशिकच्या बहुतेक पांढऱ्या आणि गुलाबी वाइन एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात. थोड्याच लाल वाइन आणखी काही वर्षं टिकतात, त्याही थंड, अंधाऱ्या जागेत आडव्या ठेवल्या तर. मे महिन्यात आपलं कपाट भट्टीसारखं तापतं आणि उन्हातल्या गाडीची डिकी त्याहून जास्त.

"एका दिवसात चार वाइनरी सहज होतात."

होत नाहीत. नकाशावर सगळं नाशिक जिल्ह्यात दिसतं म्हणून असं वाटतं. प्रत्यक्षात वाइनरी चार दिशांना आहेत.

गंगापूर धरणाची बाजू सगळ्यांच्या ओळखीची. सुला तिथलीच. राजीव सामंत यांनी 1997 मध्ये तिथे वेली लावल्या, 2000 मध्ये पहिली वाइन आणली आणि 2005 मध्ये लोकांनी येऊन चाखावं म्हणून टेस्टिंग रूम उघडली. नाशिकचं वाइन पर्यटन त्यानंतर वाढलं. त्याच पट्ट्यात यॉर्क आणि सोमा आहेत. शहरापासून जवळ, धरणाचं पाणी समोर, वाटेत सोमेश्वरचं मंदिर. ज्यांना दोन वाइनरी बघायच्याच आहेत त्यांना याच पट्ट्यातल्या दोन दाखवाव्यात, पण शनिवार-रविवार टाळून. त्या दिवशी मुंबईच्या गाड्यांनी गंगापूर रस्ता भरून जातो आणि शांतपणे काही सांगायला कुणालाच उसंत नसते.

मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी मला इगतपुरीची बाजू जास्त आवडते. कावनईला मुकणे धरणाच्या पाण्याकाठी व्हॅलोने आहे, सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा. ही ठिकाणं वाटेतच पडतात, गर्दी कमी, आणि ज्यांना वाइनमध्ये रस नाही त्यांच्यासाठी कावनईचं कपिलधारा तीर्थ जवळच. नाशिकपर्यंत येऊन पुन्हा मागे फिरायचं कारणच उरत नाही.

उत्तरेला दिंडोरी. बुडबुड्यांची, म्हणजे स्पार्कलिंग वाइन करणारी शाँदों तिथे आहे, आणि तोच रस्ता पुढे वणीच्या सप्तशृंगी गडाकडे जातो. गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉली असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही दर्शन होतं. पूर्वेला निफाड-विंचूर. त्या बाजूला जायचं तर हिवाळ्यात पहाटे नांदूर मधमेश्वरला पक्षी बघावेत. 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. तिथून येवल्याला जाऊन हातमागावर पैठणी विणताना बघावी. साडीच्या नुसत्या दुकानापेक्षा मागावर बसलेला विणकर आमच्या पाहुण्या बायकांच्या जास्त लक्षात राहिला आहे.

दिवसाला एकच दिशा. आणि निघण्याआधी फोन. वाइनरी आहे म्हणजे ती बघायला खुली असणारच, हाही गैरसमजच. कितीतरी ठिकाणी फक्त उत्पादन चालतं, काही ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते. मी एकदा मुंबईच्या सहा जणांना घेऊन एका फाटकावरूनच परत फिरलो आहे. फोनवर आणखी एक विचारून घ्यावं, पिंपांच्या तळघरात उतरायला पायऱ्या किती? घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या झेपतील का, हे आपल्याला माहीत असतं, वाइनरीवाल्यांना नसतं.

"सकाळी त्र्यंबक, दुपारी वाइनरी, म्हणजे एका दिवसात दोन्ही उरकलं."

त्र्यंबकेश्वर शहरापासून तीसेक किलोमीटर, त्यामुळे हा बेत कागदावर छान दिसतो. पण सोमवारी, श्रावणात आणि सुट्ट्यांत दर्शनाच्या रांगेतच दिवस जातो. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात तर वेगळा विचारच करायला हवा. माझं मत असं की हे दोन बेत वेगळ्या दिवशी ठेवावेत. ज्यांनी उपवास धरून दर्शन घेतलं त्यांना लगेच चाखण्याच्या टेबलावर नेणं बरं दिसत नाही, आणि ते मनातलं बोलून दाखवत नाहीत. वाइनरीच्या दिवशी सकाळ मोकळी असेल तर पांडवलेणी दाखवा. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, वर सातवाहन आणि क्षहरात राजांच्या काळातले शिलालेख आहेत. चढ नको असेल तर सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर. काळ्या दगडाचं ते पंचायतन बघून आत्या तासभर जागची हलली नव्हती.

"वाइन तब्येतीला चांगली असते."

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्टच म्हटलं की अल्कोहोलची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही. पाहुण्यांत कुणी मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेत असेल तर त्यांना "औषध म्हणून थोडी घ्या" असा आग्रह करू नका. इथे मी कडक आहे.

"कॉलेजातल्या पोरांनी एक घोट घेतला तर काय बिघडतं?"

महाराष्ट्रात वाइनसाठी कायद्याने 21 वर्षं पूर्ण हवीत. त्याखालच्यांनी बाग बघावी, जेवावं. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आषाढी एकादशी असे कोरडे दिवस आणि मतदानाच्या तारखाही आधी बघून ठेवा. नेमक्या जोडून आलेल्या सुट्टीत हाच घोळ होतो.

"चाखायला मिळतात ते चार थेंब. गाडी मीच चालवतो."

हिशोब मांडून बघा. प्रत्येक नमुना साधारण 30 मिलिलिटरचा धरला तर पाच नमुन्यांचे 150 मिलिलिटर होतात, म्हणजे एक भरलेला ग्लास. 12 टक्क्यांच्या वाइनमध्ये त्यातून सुमारे 18 मिलिलिटर अल्कोहोल पोटात जातं, जवळपास दीड छोट्या पेग व्हिस्कीएवढं. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम एवढीच आहे. ती ओलांडली तर पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड भरता येतो. धरणाच्या वळणावर समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला चुकवता आलं नाही तर ते भरून काढता येत नाही.

बाटली विकत घेणाऱ्यांसाठी आणखी एक. वणीच्या पुढे गाडी सापुताऱ्याला वळते तेव्हा हवा गार लागते आणि आपण महाराष्ट्र सोडून गुजरातेतल्या डांग जिल्ह्यात शिरलो हे ध्यानातही येत नाही. तिथे दारूबंदी आहे आणि डिकीतली नाशिकची सीलबंद बाटलीसुद्धा गुन्हा ठरते. बडोदा-सुरतेच्या नातेवाइकांना म्हणूनच मी बाटली देत नाही, बेदाणे देतो. सापुतारा करायचाच असेल तर बाटल्या घरी ठेवून निघा, आणि वाइनरीच्या दिवशी गाडी कोण चालवणार ते घरातून निघतानाच ठरवा. त्या माणसाने त्या दिवशी एक घोटही घ्यायचा नाही.